सासू-सून क्रमांक सात

आमच्या कारखान्यात रुग्णालयाच्या खाटा तयार होतात. पाठीकडून उचलणाऱ्या, पायाकडून उचलणाऱ्या, चाकांच्या, बिनचाकांच्या. मी तिथे रेकॉर्ड विभाग सांभाळतो. शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे खाट नेमकी कशाच्या जोरावर उभी राहते हे मला छत्तीस वर्षांत कळलेलं नाही. पण कोणत्या खाटेचं कोणतं ड्रॉइंग कोणत्या कपाटात आहे हे डोळे मिटून सांगतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे. त्याआधी मिलीमीटरबाईंविषयी नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

हे नाव त्यांना त्या रुजू झाल्या त्याच महिन्यात पडलं. तेव्हा ड्रॉइंग हॉलमध्ये चौदा टेबलं होती आणि चौदा पुरुष. पंधरावं टेबल खिडकीपाशी होतं, त्यावर चहाचे कप ठेवत. ते धुऊन पुसून बाईंना दिलं. काम ट्रेसिंगचं, म्हणजे दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं. गिरवणाऱ्याने डोकं चालवावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. बाईंनी तिसऱ्या आठवड्यात हेड ड्राफ्ट्समनना विचारलं, की ही दांडी तीनशे बारा मिलीमीटरची आहे आणि शेवटचं भोक तीनशे चौदावर दाखवलंय, तर ते हवेत पाडायचं का. हॉल हसला. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, दोन मिलीमीटरसाठी एवढा आवाज कशाला? बाई म्हणाल्या, मी आवाज केला नाही, तो बाकीच्यांच्या हसण्याचा आहे.

त्या आमच्याच इमारतीत राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्या. यजमान बस चालवतात. मुलगी शिकायला बाहेरगावी असते. घरात एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत; त्यांच्या पायांनी संप पुकारलाय, पण कान असे तिखट की मी खालच्या मजल्यावर शिंकलो तर वरून "औषध घ्या" असा निरोप येतो. घरातली प्रत्येक फळी बाईंनी लेव्हल लावून बसवली आहे. यजमान एकदा मला म्हणाले, की लोकांच्या घरी मीठ चवीपुरतं घालतात, आमच्याकडे मापापुरतं. हे त्यांनी बायकोसमोरच सांगितलं, आणि त्यावर बाईंनी वाटी पुढे करून, मोजून आणखी चिमूटभर वाढलं.

पुढे ड्रॉइंगची टेबलं गेली, संगणक आले. चौदापैकी नऊजण हळूहळू बाहेर पडले. कोणी दुकान काढलं, कोणी गुडघ्याचं कारण सांगितलं. बाई सहा महिन्यांत संगणकावर ड्रॉइंग काढायला शिकल्या आणि ट्रेसरच्या ड्राफ्ट्समन झाल्या. त्यांच्या समोरच्या खुर्चीवर एक इंजिनिअर बसायचा. त्याचं काम सिम्युलेशनचं. म्हणजे खाट लोखंडात बनवण्याआधी संगणकात बनवायची, तिच्यावर संगणकातलाच माणूस झोपवायचा आणि कुठे काय वाकतंय ते बघायचं. तीन वर्षं बाई आपलं काम करता करता त्याच्या पडद्याकडे बघत होत्या. तो दुसरीकडे गेला तेव्हा खुर्ची रिकामी राहिली. नवीन दोघे आले, दोघेही टिकले नाहीत. मग बाईंनी डिझाइनच्या साहेबांना सांगितलं, की मी करून बघते.

या साहेबांना सगळे पाठीमागे बघूसाहेब म्हणतात. कारण कोणतीही गोष्ट विचारा, उत्तर "बघू". माणूस वाईट नाही. फक्त निर्णयाची वेळ आली की त्यांना चष्मा सापडत नाही. यावेळी मात्र त्यांनी एक टिपण लिहून माझ्याकडे फाइल करायला पाठवलं, म्हणून मला ते शब्दशः माहीत आहे. एकोणीस नंबरच्या खाटेचा सिम्युलेशन रिपोर्ट बाईंनी एकटीने करावा. ग्राहकासमोर खाटेवर वजन ठेवून जी लोड टेस्ट होते, तीत तो रिपोर्ट खरा ठरला तर खुर्ची बाईंची. नाही ठरला तर सिम्युलेशनचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं आणि बाईंनी जुन्या ड्रॉइंगच्या नकला काढण्याचं काम बघावं.

त्या संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हटलं, की बाई, अट कडक आहे. त्या पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "भाऊ, पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. एक तरी उत्तर माझं असू दे."

आता हे काम काय असतं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. संगणकात दोन भाग आपण एकमेकांना अगदी टेकवून ठेवले, तरी ते टेकलेत हे त्या यंत्राला कळत नाही. ते सांगावं लागतं, आणि टेकले म्हणजे कसे टेकले हेही सांगावं लागतं. याला ते लोक कॉन्टॅक्ट म्हणतात. सांगितलं नाही तर काय होतं ते बाईंनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. खाटेची पाठ आणि तिची पिन यांची ओळख करून द्यायची राहून गेली होती. बाईंनी भार टाकला आणि पडद्यावर खाटेची पाठ पिनेच्या आरपार गेली, खालच्या सांगाड्यातून गेली, जमिनीतून गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही पाच-सहा जण बघत होतो. फोरमन म्हणाला, की बाई, पेशंटला कुठं पाठवलंत? बाई म्हणाल्या, की डिस्चार्ज दिला.

उलट, काहीच न सांगता यंत्रावर सोपवलं तर ते दुसऱ्या टोकाला जातं. जे जे जवळ दिसेल ते ते एकमेकांना चिकटवून टाकतं. त्या प्रकाराला बाँडेड म्हणतात. सगळं एकजीव, जणू खाट एकाच ओंडक्यातून कोरून काढली आहे. असली खाट संगणकात कधीच मोडत नाही, आणि तिची पाठ कधी वर उचलतही नाही. त्यामुळे शहाणा माणूस प्रत्येक जोडी उघडून तिचा प्रकार हाताने बदलतो.

एकोणीस नंबरच्या खाटेत अशा अठ्ठावन्न जोड्या होत्या. यंत्र त्यांना नुसते आकडे देतं. जोडी एक, जोडी दोन, जोडी तीन. बाई म्हणाल्या, की आकड्यांवरून माणूस ओळखायला मी काय तुरुंगात आहे का? आणि त्यांनी प्रत्येक जोडीला नाव द्यायला सुरुवात केली. जे दोन भाग वेल्डिंगने एक झालेत ते "जुळे", तेवढेच बाँडेड. जे एकमेकांवर सरकतात पण सुटत नाहीत ते "नवरा-बायको". जे भेटले तर भेटले, न घासता पुढे गेले, ते "व्याही". जे एकदा भिडले की तसूभर हलत नाहीत, पण वेगळे व्हायला वेळ लावत नाहीत, ते "भाऊबंद". आणि जे एकाच घरात राहून रोज घासतात आणि तरीही ज्यांच्यावर घर चालतं, म्हणजे पिन आणि तिचं भोक, ते "सासू-सून". या जोड्यांना फ्रिक्शन, म्हणजे घर्षण द्यावं लागतं. अशा आठ सासू-सुना होत्या, एक ते आठ.

नातं ठरवताना बाई नुसत्या पडद्यावर भरवसा ठेवत नसत. खाली शॉपमध्ये, म्हणजे खाटा बनतात त्या शेडमध्ये, जाऊन खरी पिन खऱ्या भोकात घालत, बोटांनी फिरवून बघत, किती अडते, किती सैल आहे. फोरमन त्यांना येताना बघितलं की मोठ्याने म्हणायचा, "चला, आल्या सोयरीक जमवायला. पोरीची बाजू कुठली, पोराची कुठली, सांगून टाका."

घरीसुद्धा ही गोष्ट पोचलीच. एका रविवारी मी पेपर परत द्यायला वर गेलो होतो. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत, बाई भाजी निवडत होत्या. सासूबाईंनी मला विचारलं, की ही ऑफिसात सासू-सुनांचं काय करते ते तुम्हाला माहीत आहे का. मी मान हलवली. मग त्या सुनेकडे वळल्या.

"मग किती घर्षण ठेवलंस ग आपल्यात?"

"शून्य पूर्णांक दोन."

"कमी वाटतंय."

"तेल लावलेल्या पिनेचं आहे ते, आई. सुकीचं जास्त असतं."

सासूबाई म्हणाल्या, की मग मी सुकीच बरी, आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

एवढं करून रिपोर्ट तयार झाला. मूळ प्रतीत बाईंची नावं होती. ग्राहकाला पाठवायच्या प्रतीत ती काढून सभ्य नावं घातली, कारण बघूसाहेब म्हणाले, की मोठ्या रुग्णालयाची खरेदी समिती आहे, त्यांच्यासमोर भाऊबंद नकोत. निष्कर्ष एका वाक्याचा होता. माणूस खाटेवरून उतरताना एका कडेवर बसतो, म्हणून भार डाव्या कडेवर धरला, त्या भाराखाली पोलादावरचा ताण दीडशेच्या घरात, मर्यादा अडीचशेची, खाट सुरक्षित. सोमवारी प्रत रवाना झाली. लोड टेस्ट शनिवारी ठरली.

माझ्याकडे अशी पद्धत आहे, की बाहेर गेलेली प्रत आणि घरात राहिलेली प्रत यांचा ओळीला ओळ लावून ताळा घ्यायचा आणि मगच फाइल बंद करायची. बाकीचे याला म्हाताऱ्याचा छंद म्हणतात. बुधवारी सकाळी मी लाल पेन्सिल घेऊन अठ्ठावन्न ओळींचा तक्ता समोर ठेवला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नावं आणि प्रकार यांचा मेळ मात्र आता पाठ झाला होता. जुळे, बाँडेड. खूण. व्याही, घर्षणरहित. खूण. सासू-सून एक, फ्रिक्शन. खूण. अशा सहा सासू-सुना झाल्या. सातवीच्या ओळीत लिहिलं होतं: सासू-सून सात, बाँडेड.

मला वाटलं टायपिंगची चूक. मी तक्ता घेऊन बाईंकडे गेलो आणि म्हटलं, की बाई, इथे एक सासू-सून एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या हसल्या. म्हणाल्या, की भाऊ, असं झालं तर मी पेढे... आणि तिथेच थांबल्या. त्यांनी पडद्यावर ती जोडी उघडली. मग म्हणाल्या, "टायपिंगची नाही. माझीच आहे."

झालं होतं ते असं. रिपोर्टच्या आधीच्या आठवड्यात डावीकडची पिन बदलली होती. पाठ उचलायचा दांडा तिथे बसतो म्हणून ती थोडी लांब केली. बाईंनी जुनी पिन काढून नवी आणली. नवीन पाहुणी आल्याबरोबर यंत्राने तिच्या चारही जोड्या आपल्या सवयीने चिकटवल्या आणि त्यांना आकडे दिले. बाईंनी आधी चारही जोड्यांना नावं दिली आणि मग एकेक उघडून प्रकार बदलायला घेतला. तीन बदलल्या. मध्ये कोणीतरी हाक मारली. परत येऊन यादी बघितली तर सगळीकडे ओळखीची नावं. "सासू-सून सात" असं वाचलं आणि त्यांना वाटलं, घर्षण दिलेलं आहे. आकडा असता तर त्यांनी उघडून बघितलं असतं. स्वतःच ठेवलेल्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

मी विचारलं, की एका जोडीने काय एवढं बिघडतं? त्यांनी टेबलावरच्या दोन फायली उभ्या केल्या आणि त्यांच्यामधून पट्टी आडवी घातली. या फायली म्हणजे सांगाड्याला वेल्ड केलेले पत्र्याचे दोन कान, पट्टी म्हणजे पिन. पट्टी फायलीला चिकटवली तर ती फाइल धरून ठेवते, बाहेर कलू देत नाही. खऱ्या खाटेत पिन भोकात सरकते, कानाला धरणारं कोणी नाही. त्यांनी फाइल सोडली. ती पडली.

जोडी दुरुस्त करून त्यांनी हिशोब पुन्हा लावला. घर्षणाच्या जोड्या यंत्राला जड जातात, सरळ उत्तर येत नाही, घासाघीस करत येतं. जेवणाच्या सुट्टीआधी लावलेलं उत्तर चहाच्या वेळेला आलं. बाहेरच्या कानावर ताण दोनशे सत्तर. मर्यादा अडीचशे.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मला आठवतंय, त्यांनी पहिल्यांदा खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि मग चप्पल नीट घालून उठल्या. मी म्हटलं, की उद्या सांगा, आज जरा विचार करा. त्या म्हणाल्या, की उद्या सांगितलं तर फोरमनला नवा कान कापायला एकच दिवस मिळेल.

बघूसाहेबांच्या खोलीत मी तक्ता घेऊन बरोबर गेलो. बाईंनी सगळं सरळ सांगितलं. पिन बदलल्यावर एक जोडी चिकटलेली राहिली, ती माझ्याकडून राहिली, रिपोर्ट चुकीचा गेला, कान पाचऐवजी सहा मिलीमीटरचा करावा लागेल. साहेबांनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. त्यांनी आधी विचारलं, की हे अजून कोणाला माहीत आहे. बाई म्हणाल्या, आपल्या तिघांना. मग साहेबांनी जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पोलाद कागदावरच्यापेक्षा थोडं चांगलंच निघतं. शनिवारी वजन ठेवल्यावर खाट मोडणार नाही. टेस्ट पास झाली की अट पूर्ण झाली, खुर्ची तुमची. त्यानंतर पुढच्या खाटांना सहाचा कान गुपचूप लावू. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?

मला वाटलं, माणूस चांगलं सांगतोय. बाईंच्या जागी मी असतो तर मान डोलावली असती.

बाई म्हणाल्या, "साहेब, शनिवारी ती टिकेल. पण दर वेळी कान थोडा वाकलेला राहील. एक दिवस कोणीतरी ऑपरेशन झालेला माणूस पाय खाली सोडायला कडेवर बसेल. तेव्हा मी नकला काढत असेन नाहीतर खुर्चीत असेन, त्याला काय फरक?"

साहेब "बघू" म्हणाले नाहीत. "पत्र करा" म्हणाले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, कारण पत्र करणं माझ्याकडे येतं.

पत्र सहा ओळींचं झालं. सोमवारच्या रिपोर्टात एक चूक आहे, ती कोणती, बरोबर आकडा काय, आणि शनिवारी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कानांच्या खाटा टेस्टला ठेवू. शेवटी बाईंनी एक ओळ आग्रहाने घातली. जुन्या खाटेवरचं वजन काढल्यावर बाहेरचा कान पूर्ण सरळ होणार नाही, आठ दशांश मिलीमीटर वाकलेला राहील. मी म्हटलं, की बाई, एवढं कशाला लिहून देता? चुकलं तर पुन्हा पंचाईत. त्या म्हणाल्या, की एकदा उत्तर द्यायचं म्हटल्यावर अर्धं कशाला द्यायचं.

घरी सासूबाईंना बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांनी मला जिन्यातून हाक मारून वर बोलावलं आणि खरं सांगा म्हणाल्या, हिची जागा जाणार का. मी म्हटलं, जाऊ शकते. त्या म्हणाल्या, की मीच त्या सुनेला चिकटले असणार, पाय चालत नाहीत ना. बाई आतून म्हणाल्या, "तुम्ही क्रमांक तीन आहात, आई. तुम्ही व्यवस्थित घासताय." यजमान बसचे कपडे न बदलताच जेवायला बसले होते, त्यांना ठसका लागला.

शनिवारी समितीतून तिघे आले. दोघे पुरुष, हातात फायली. तिसऱ्या मुख्य परिचारिका, ठेंगण्या, करड्या केसांच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझं पत्र त्यांच्या हातात होतं, घडीवर घडी घालून वाचलेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, की ही चूक कोणी शोधली? बघूसाहेब घसा खाकरेपर्यंत बाई म्हणाल्या, की चूक मी केली, शोधली यांनी. आणि माझ्याकडे बोट केलं. परिचारिकांनी विचारलं, की हे इंजिनिअर का? मी म्हटलं, नाही, मी बी. कॉम. त्यांनी पुन्हा पत्राकडे बघितलं.

जुन्या कानाची खाट पुढे आणली. फोरमनने कानाला घड्याळासारखा डायल लावला, त्याचा काटा मिलीमीटरचा शंभरावा भागसुद्धा दाखवतो. डाव्या कडेवर एकेक करून वजनं ठेवली. खाट कुरकुरली, पण मोडली नाही. समितीतले एक गृहस्थ फायलीत "पास" असं लिहायला लागले. परिचारिका म्हणाल्या, थांबा. फोरमनने एकेक वजन उतरवलं. काटा परत फिरला, फिरला आणि शून्याच्या अलीकडेच थांबला. फोरमन वाकून वाचू लागला. तेवढ्यात मी बाईंकडे बघितलं. त्या डायलकडे बघतच नव्हत्या. डोळे मिटून उभ्या होत्या.

"सात दशांश," फोरमन म्हणाला.

बाईंनी डोळे उघडले आणि चेहरा पाडला. "आठ यायला हवं होतं. एक दशांश कुठं गेला?"

फोरमन म्हणाला, की बाई, तो मी घरी नेतो, पोरांना खेळायला. परिचारिका तेव्हा पहिल्यांदा हसल्या. नव्या कानाच्या खाटेवर तीच वजनं चढली आणि उतरली, आणि काटा नेमका शून्यावर येऊन बसला. तेवढ्याने परिचारिकांचं समाधान झालं नाही. त्या किल्ल्या सावरून खाटेच्या कडेवर बसल्या, दोनदा उठून जोरात बसल्या, पाय हलवले, पाठ वर करायला सांगितली. मग तिथूनच त्यांनी बाईंना विचारलं, की माणूस दिवसातून किती वेळा कडेवर बसेल असं धरलंय. बाई म्हणाल्या, वीस. त्या म्हणाल्या, की चाळीस धरा, आमचे पेशंट कोणाचं ऐकत नाहीत. बाईंनी तिथल्या तिथे तळहातावर चाळीस लिहून घेतलं. जाताना परिचारिका साहेबांना म्हणाल्या, की पुढच्या खाटेचं पत्रही याच बाईंकडून येऊ दे, मला वाचायला सोपं जातं.

तरीही टिपणातली अट होतीच. रिपोर्ट खरा ठरला तर. सोमवारी साहेबांनी मला बोलावून विचारलं, की कोणता रिपोर्ट धरायचा, पहिला की पत्रातला? मी म्हटलं, की साहेब, रेकॉर्डच्या नियमाने शेवटची दुरुस्ती हीच मूळ प्रत. त्यांनी टिपण मागवलं आणि खाली सही केली. वर एक नवी अट घातली. यापुढे जोड्यांचा तक्ता बाहेर जाण्याआधी दुसऱ्या माणसाने वाचावा. कोणी, ते बाईंनी ठरवावं. डिझाइनमधल्या दोन इंजिनिअरांनी तयारी दाखवली. बाईंनी माझं नाव दिलं. साहेब म्हणाले, यांना त्यातलं काय कळतं? बाई म्हणाल्या, "काही कळत नाही म्हणूनच. कळणारे वाचत नाहीत, समजून घेतात."

तेव्हापासून दर बुधवारी जेवणानंतर मी माझी लाल पेन्सिल घेऊन बाईंच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसतो. सध्या चाकाच्या खुर्चीचं काम चाललंय, एकशे एकतीस जोड्या. पद्धत आम्ही ठरवून घेतली आहे. बाई नाव वाचतात, मी प्रकार वाचतो, दोघांचं जुळलं की खूण. नाव वाचल्यावर त्या जोडी उघडूनही बघतात, प्रत्येक वेळी. यामुळे वेळ लागतो, पण माझ्याकडे दीड वर्ष आहे.

परवा चौऱ्याण्णवाव्या ओळीला बाई म्हणाल्या, "भाऊबंद नऊ." मी वाचलं, "बाँडेड." आणि म्हटलं, थांबा, भाऊबंद कधीपासून एक झाले? त्यांनी जोडी उघडली, ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाल्या, की बरोबर आहे, काल फोरमनने तिथे वेल्ड मारायचं ठरवलंय. प्रकार मी बदलला, नाव राहिलं.

मी म्हटलं, भाऊबंदांना एकत्र ठेवायला वेल्डिंगच लागायचं. बाई मान खाली घालून हसत हसत नाव खोडून "जुळे" लिहीत होत्या. ते पूर्ण होईपर्यंत मी पेन्सिल उचलून धरली, मग खूण केली, आणि पंचाण्णव वाचा म्हटलं.